वहिनी खाली उतरल्यात

मसुराच्या डाळीएवढी मरून टिकली, चष्म्याच्या आतल्या काळ्या स्पंजला चिकटलेली. धाकूने ती नखाने सोडवली आणि तिचं काय करायचं ते न कळून तसाच उभा राहिला – एका हातात तो डब्यासारखा जड चष्मा, दुसऱ्या हाताच्या बोटावर टिकली. कांतावहिनींची असणार. त्याच्याआधी त्याच खेळून गेल्या होत्या. त्याची बायको कला अशा टिकल्या आंघोळीला जाताना नळाच्या वरच्या फरशीवर लावून ठेवायची आणि विसरायची, मग दुसऱ्या दिवशी दुसरी, मग तिसरी... तो ओरडायचा, की अगं काय हे, फरशीला गोवर आल्यासारखं दिसतंय. जुनी बिल्डिंग पाडली तेव्हा ती फरशीही गेली असणार, टिकल्यांसकट, कुठल्या तरी डंपरमधून कुठल्या तरी भरावात. नव्या घरात बाथरूमच्या टाइल्स छतापर्यंत आहेत आणि सगळ्या कोऱ्या.

"वहिनी, ही तुमची," तो म्हणाला आणि बोट पुढे केलं.

कांतावहिनींनी ती आपल्या बोटावर घेतली आणि आरशाशिवाय बरोबर भुवयांच्या मध्ये दाबली. सीताराम खुर्चीत बसून आपल्या चष्म्याच्या काचा सदऱ्याला पुसत होता. मान वर न करताच तो म्हणाला, "दुसरी लाव. घाम किती आलाय तुला, पडेल ती."

"पडू दे. तुम्हाला काय करायचंय?"

न बघता कळलं त्याला, तिला घाम आलाय ते. धाकूच्या मनात हे कुठे तरी टोचलं आणि तिथेच राहिलं, माशाचा काटा दाढेत राहतो तसं.

शिवानी नावाची ती ट्रेनिंगवाली मुलगी मागून पट्टा घट्ट करत होती. शेजारच्या बिल्डिंगमध्ये मीटरच्या खोलीला आग लागल्यापासून त्यांच्या सोसायटीने मनावर घेतलं होतं, आणि आज रविवारी सकाळी तळमजल्याच्या हॉलमध्ये हा खेळ आणला होता. डोळ्यांवर चष्मा लावायचा, हातात दोन मुठी धरायच्या, की आपण आपल्याच घरात उभे – वर्तकनगरच्या याच टॉवरमधलं घर, याच मापाचा हॉल, हेच किचन – आणि मग आग लागते. बाहेर पडायचं. मुलगी समजावून सांगत होती, की घाबरू नका, खरं काही नाही, गेमच आहे, नातवंडं खेळतात तसा. धाकूला नातवंड नव्हतं. मुलगा विनीत डोंबिवलीला, सून नोकरीवाली, अजून त्यांचं काही ठरत नव्हतं.

त्याच्याआधी सीताराम आणि कांतावहिनी जोडीने खेळले होते, कारण एका घरातल्या माणसांनी एकत्र बाहेर पडायचं असा नियम. ते बघायला सगळा हॉल जमला होता. भिंतीवरच्या टीव्हीत दिसत होतं – सीताराम दारात उभा आणि कांतावहिनी उलट्या वळून किचनमध्ये चाललेल्या. गॅस बंद करायला. सीताराम खरोखरचा ओरडला होता, "अगं कांता, कुठे चाललीस, आग लागलीय ना." तर त्या म्हणाल्या, "म्हणूनच चाललेय." मग बाहेर आल्यावर त्यांनी दाराला कुलूप लावायला हात पुढे केला. कुलूप त्या खेळात नव्हतंच. तरी त्या हवेत हात फिरवून शोधत राहिल्या. सगळे हसले, शिवानीही हसली, आणि तेवढ्यात धुराने दोघांना गाठलं. सीताराम चष्मा काढून बायकोवर असा काही चिडला, की जणू खरंच घर जळालं. चाळीस वर्षं मी या बाईची दारात वाट बघतोय, तो सगळ्यांना सांगत होता. लग्नाला जायचं असो की दवाखान्यात, ही आपली परत आत.

आणि धाकू ते ऐकत होता. त्याला आधी वाटलं, आपल्याला हसू येतंय. मग कळलं, की हे हसू नाही.

आता त्याच्या डोळ्यांसमोर घर आलं. खरंच त्याचंच घर, फक्त सोफा दुसरा आणि भिंतीवर कोणाचाही फोटो नाही. चष्म्याला आतून वास येत होता, खोबरेल तेलाचा आणि पावडरीचा, म्हणजे कांतावहिनींचा. कोपऱ्यातून धूर यायला लागला, त्याला वास नव्हता, त्यामुळे ती आगच खोबरेल तेलाची लागल्यासारखी वाटत होती. भोंगा वाजला. मुलीने सांगितलेलं सगळं त्याला आठवत होतं – उलट्या हाताने दार गरम आहे का बघा, खाली वाका, भिंत सोडू नका, लिफ्टकडे जायचं नाही. त्याने दार बघितलं. गार होतं. बाहेर पडला. दार ओढून घेतलं. भिंतीला हात, मान खाली, जिना, वळण, जिना, वळण... मागे वळून बघायचं काही कारणच नव्हतं. खाली झाडाखाली हिरवी पाटी होती, लोकांनी इथे जमावे, तिच्याखाली जाऊन उभा राहिला. फटाके फुटले. टाळ्या वाजल्या, आधी खेळातल्या, मग खऱ्या.

चष्मा काढला तर शिवानी सगळ्यांना सांगत होती, की सकाळपासून एवढ्या लवकर कोणी बाहेर पडलेलं नाही, जवान मुलंसुद्धा नाहीत. काकांनी एकही चूक केली नाही. असं हवं. काही घ्यायला परत गेले नाहीत, कोणासाठी थांबले नाहीत. सेक्रेटरीने त्याच्या पाठीवर थाप मारली. टीव्हीवर सगळ्यात वर त्याचं नाव आलं.

सीताराम पोह्यांची बशी घेऊन त्याच्याजवळ आला. चांगल्याच मनाने आला होता, हे धाकूला नंतरही नाकारता आलं नाही. वागळे इस्टेटच्या कंपनीत एका खात्यात दोघांची नोकरी झाली, जुन्या कॉलनीत एका जिन्यावर दोघांचे संसार झाले, आणि नव्या टॉवरमध्ये घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा चिठ्ठी बदलून घेऊन सीताराम त्याच्या शेजारी आला होता, कारण धाकूला एकट्याला कोण बघणार. तो सीताराम. पोहे चावत म्हणाला, "हा पहिला येणारच रे. ह्याच्या मागे कोण आहे ओढायला?" आणि मग हळू, फक्त धाकूला ऐकू जाईल असं, बायकोकडे भुवई उडवून, "सुटलास बाबा तू."

चार नवरे एकत्र बसले की बोलतात तसं. तोही बोलायचाच की, कला असताना. कोणाची बायको माहेरी गेली की तो त्या माणसाला म्हणायचा, चार दिवस सुटलास. काही वाईट नसतं त्यात. सीताराम पुढच्या क्षणी विसरूनही गेला, कारण कांतावहिनींनी येऊन त्याच्या पोह्यांवर लिंबू पिळलं आणि तो म्हणाला, "बी पडली बघ." त्यांनी बी बोटाने काढली. ती बी काढणं त्याने पाहिलंही नाही. तो बोलतच होता, सेक्रेटरीशी, पाण्याच्या टाकीबद्दल.

धाकूने आपली बशी खाली ठेवली.

कांतावहिनी त्याला नको होत्या. हे त्याने स्वतःला स्पष्ट विचारून पाहिलं होतं, मागेच, त्या रोज वाटीतून काही ना काही पाठवायला लागल्या तेव्हा. तसलं काही नाही. त्या कलाची मैत्रीण. नवरात्रात दोघी टेंभी नाक्याला जायच्या, कला देवीला हात जोडायला आत जायची, आणि कांतावहिनी हात जोडायच्या नाहीत, त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती, पण बाहेर कलाच्या चपला सांभाळत तासभर उभ्या राहायच्या, मग दोघी बांगड्या घ्यायच्या. त्या वहिनी. त्याला हवी होती ती सीतारामची चिडचिड. दारात उभं राहून तोंड वाकडं करण्याचा हक्क. किती वेळ, अगं किती वेळ, गाडी सुटेल... जुन्या घरी तो खाली स्कूटर चालू करून उभा असायचा आणि कला वर. आधी गॅस, मग खिडकी, मग कुलूप, मग कुलूप ओढून बघणं, मग एक जिना उतरून परत चढणं, परत ओढणं. तो हॉर्न वाजवायचा. दातओठ खायचा. ती यायची, पदर खोचत, मागे बसायची आणि म्हणायची, झालं, चला आता, जसा काही उशीर त्यानेच केला होता. आता दार ओढलं की आपोआप बंद होतं. टक. झालं. मी निघालो. कोणासाठी थांबलो नाही. शाबास.

मेल्या माणसाच्या बायकामुलांना लोक सांभाळून बोलतात, पण मेलेल्या बाईच्या नवऱ्याला नाही. आधी महिनाभर बोलतात, मग तो धडधाकट दिसतो, स्वतःचा भात स्वतः लावतो, म्हणून विसरतात.

दुसऱ्या फेरीत मजल्यावरच्या सगळ्यांनी एकदम खेळायचं होतं. चौथ्या मजल्यावर आज तिघंच हजर होते, आणि तीनच चष्मे होते. प्रत्येक मजल्याचा एक प्रमुख असतो, शिवानीने सांगितलं, त्याने दारं ठोठावायची, सगळे निघाले का बघायचं आणि सगळ्यांच्या शेवटी उतरायचं. चौथ्या मजल्याचे प्रमुख कोण हे विचारायलाच नको, असं म्हणून तिने धाकूच्या हातात शिट्टी दिली. खरी, प्लॅस्टिकची, दोरीवाली. सीतारामला मघाशी चष्म्याने गरगरलं होतं, म्हणून ती त्याच्या जवळ उभी राहिली, आणि टीव्हीवरही त्यालाच काय दिसतंय ते लावून ठेवलं. बाकीचे लोक पोह्यांभोवती. कोणाचं फारसं लक्ष नव्हतं.

परत तोच वास. परत धूर, या वेळी जास्त. तिघांची शरीरं हॉलमध्ये हाताच्या अंतरावर उभी होती, पण कानांत भोंगा असा कोकलत होता, की शेजारचं माणूस शेजारी आहे हे खरं वाटत नव्हतं. खेळातल्या माणसांना चेहरे नव्हते. राखाडी पुतळे, आणि डोक्यावर नावं तरंगत होती, शिवानीने टाइप केलेली. कांता काकू, असं नाव धुरातून त्याच्याकडे आलं आणि कानात आवाज आला, अगदी जवळून, कोणी कानाशी लागून बोलावं तसा.

"भावजी, मी गॅस बघून आले. ह्यांना सांगा, थांबा म्हणावं."

"वहिनी –" तो म्हणाला. पण नाव वळलं, दारात शिरलं, धुराने खाल्लं.

ह्यांना सांगा, थांबा म्हणावं. असं कलाने कोणाला तरी सांगितलं असेल का कधी, मी खाली हॉर्न वाजवत असताना... सांगितलं असेल. कांतावहिनींनाच सांगितलं असेल. आणि कांतावहिनींनी खिडकीतून वाकून हात केला असेल, की भावजी, येतेय ती. हो, करायच्या की. कितीदा. तो उन्हात डोळ्यांवर हात धरून वर बघायचा आणि तो हात बघून जास्तच चिडायचा.

दुसरं नाव आलं, सीताराम काका. पुतळा वाकलेला, भिंत चाचपत. "धाकू, अरे कांता कुठाय? माझ्या पुढे होती ना?"

"उतरल्यात केव्हाच," धाकू म्हणाला. "चल तू."

एवढंच. आवाज चढला नाही, पडला नाही. नंतर त्याने पुष्कळ वेळा आठवून बघितलं, की हे आपण ठरवून बोललो की तोंडातून गेलं. ठरवलं म्हणावं तर तेवढा वेळ नव्हता. आणि तोंडातून गेलं म्हणावं, तर पुढे सगळा जिना होता, वळण, जिना, वळण, एवढ्यात कुठेही त्याला सांगता आलं असतं, की अरे थांब, वर आहे ती. सीताराम पुढे उतरत होता आणि तो मागून. सीतारामला धाप लागलेली कानात ऐकू येत होती आणि मध्येच तो म्हणालासुद्धा, "पहिल्यांदाच बघ माझ्या आधी निघाली," आणि हसला. धाकूला त्या हसण्याचंही वाईट वाटलं नाही. त्याला एक थंड अशी उत्सुकता होती. बघू दे. एकदा खाली पोचू दे, मागे बघू दे, आणि मागे कोणी नसू दे. घटकाभर. त्याला कुठे खरं काही होणार आहे, गेमच तर आहे, ती मुलगीच म्हणाली... घटकाभर कळू दे सुटणं म्हणजे काय.

झाडाखाली हिरवी पाटी. या वेळी फटाके फुटले नाहीत. एका बाईचा नीट शाळेतल्यासारखा आवाज आला, एक व्यक्ती मजल्यावर राहिली आहे.

सीतारामचा पुतळा गोल फिरला. "कांता?" मग मोठ्याने, "कांता." तो परत इमारतीकडे निघाला, पण खेळ संपला होता, त्यामुळे पाय पुढे जात नव्हते. सगळं लाल होऊन थांबलं होतं.

धाकूने चष्मा काढला. हॉलमधला उजेड डोळ्यांत घुसला. सीतारामने आपला चष्मा काढला नाही, ओरबाडला, त्यात त्याचा नंबरचा चष्माही नाकावरून उडून खाली पडला, आणि त्या उघड्या, काही न दिसणाऱ्या डोळ्यांनी तो शोधू लागला. असा चेहरा धाकूने त्याचा कधी पाहिला नव्हता. कंपनी बंद पडली त्या दिवशी नाही, बाप गेला तेव्हा नाही. म्हातारा चेहरा, तोंड उघडं, ओठ ओले. आणि हाताच्या अंतरावर कांतावहिनी उभ्या होत्या, डोळ्यांवर अजून चष्मा, त्यांचं अजून संपलं नव्हतं, आणि उजव्या हाताच्या तीन बोटांनी हवेत गॅसचा कॉक फिरवत होत्या, शांतपणे, एकदा फिरवून परत एकदा, पक्का बंद झाला का ते बघत.

सीतारामने त्यांचं मनगट धरलं. इतक्या जोरात की बांगडी वाजली.

"अगोबाई, कोण ते?" त्या दचकल्या, मग चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिलं. लोकांना आत्ता कळलं, काय झालं ते, आणि हशा झाला. कोणी म्हणालं, सीतारामभाऊ, वहिनींना वर सोडून आलात की. कोणी म्हणालं, जमवलंत. सीताराम हसला नाही. त्याने मनगट सोडलं नाही. धाकूकडे बघून, नीट न दिसल्यामुळे डोळे बारीक करून, तो म्हणाला, "तू म्हणालास उतरली."

"धुरात मला..." धाकू म्हणाला.

आता कांतावहिनी सांगतील. मी तर भावजींना सांगून गेले होते, एवढं म्हणायचा अवकाश, आणि मग हा माणूस, ज्याने चिठ्ठी बदलून घेतली, ज्याच्या घरून वाटी येते, ज्याच्या दारावर टकटक करायला काही कारण लागत नाही – सगळ्या जगात तेवढंच उरलंय, आणि ते या एका वाक्यावर. त्याला वाटलं, सांगू देत. वाटलं, नको.

"त्यांना काय माहीत," कांतावहिनी म्हणाल्या. "मी कोणाला न सांगताच परत गेले." आणि खाली वाकून त्यांनी नवऱ्याचा चष्मा उचलला, काच फुटली नाही ना ते पाहिलं, पदराला पुसून त्याच्या हातात दिला. धाकूकडे पाहिलं नाही.

शिवानी समजावत होती, की ही चूक सगळीकडे होते, प्रमुखाने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माणूस उतरलं असं धरायचं नाही, म्हणून तर प्रॅक्टिस. तिने त्याचं नाव टीव्हीवरून खाली नेलं नाही. पहिल्या फेरीचं ते वेगळं होतं.

कार्यक्रम होईपर्यंत लिफ्ट बंदच ठेवल्या होत्या. तिघं जिन्याने निघाले. एरवी कधी असं चढायची वेळ आली की सीताराम पुढे असायचा आणि मागे बघून बायकोला टाकून बोलायचा, आज त्याने तिला पुढे घातलं आणि तिच्या कोपराला हात लावून मागून चढत राहिला. चपलांचा आवाज तेवढा. हे मी केलं, धाकूच्या मनात आलं, ह्याची चिडचिड मी घेतली. पण ती माझ्याकडेही आली नाही. त्याला हवं होतं ते मिळालं होतं, सीतारामला कळलं होतं, चांगलंच कळलं होतं, मग आता हे काय कुरतडतंय? तो चेहरा. तो त्या चेहऱ्याभोवतीच फिरत होता. सीताराम घाबरला होता, आणि चष्मा काढल्यावर ती तिथे होती – याचा हेवा तर होताच, तो होणारच, पण त्याच्या खाली अजून एक हेवा होता, लाजिरवाणा, आणि तो नीट हाताला लागत नव्हता.

दुसऱ्या मजल्यावर सीतारामला लघवीला घाईची लागली. वय झाल्यापासून त्याचं असं होतं. त्याने कांताच्या हातातून किल्ली घेतली, तू सावकाश ये म्हणाला, परत म्हणाला, सावकाश, कठडा धर, आणि भराभर वर गेला. कांतावहिनी वळणावर थांबल्या. श्वास घेत होत्या. धाकू दोन पायऱ्या खाली. माफी मागावी असं त्याला वाटलं, पण ती मागितली की जे झालं ते खरंच झालं असं होईल.

"भावजी," त्या म्हणाल्या. बोलताना कठड्यावरून खाली बघत होत्या. "कला गेली त्या दिवशी कल्याणला, दवाखान्यात... मी तुमच्याकडेच बघत बसलेले. म्हटलं, तुम्ही ओरडाल. तुम्ही ओरडलात की मला पण ओरडता येईल. आधी मी कशी ओरडणार, मी बाहेरची. तुम्ही आपले कागद लावत बसलेलात फाइलीत. तारखेप्रमाणे."

धाकूने खालच्या पायरीकडे पाहिलं.

"मग मी पण नाही रडले. घरी येऊन ह्यांच्यावर ओरडले, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. मीच केलेली भाजी." त्या थोडं हसल्या. "जेवायला या. वरण लावलंय." आणि पदर खोचून चढू लागल्या.

त्या वर गेल्या. तिसऱ्याचं वळण, मग चौथा, दार उघडल्याचा आवाज, सीतारामचा काहीसा प्रश्न, त्यांचं उत्तर, दार लागलं.

धाकू होता तिथेच.

कागद तारखेप्रमाणे लावले होते, खरंच. सोनोग्राफी, रक्ताचे, मग ते मोठे काळे फोटो. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, गेल्या, आणि त्याने मान हलवली, विनीतला फोन केला, विनीत रडायला लागला तर त्याला म्हणाला, आधी इकडे ये, गाडी बघावी लागेल. कलाच्या अंगावरचं काढून रुमालात बांधलं. नर्सला विचारलं, सही कुठे. लोक म्हणाले, धाकूने सावरलं हो, माणूस खंबीर. आणि त्याला ते बरं वाटलं होतं. भिंतीला हात, मान खाली, जिना, वळण. मागे वळून एकदाही नाही. त्या खोलीत परत जाऊन कला, अगं कला, असं एकदा तरी... खेळ संपलाय हे माहीत असून सीताराम वळला होता. पाय पुढे जात नव्हते तरी चालत होता.

ते हवं होतं. ते कधी झालंच नाही माझं.

जिन्यात काही नव्हतं. धूर नाही, भोंगा नाही, खालून हॉलमधलं बोलणं येत होतं आणि कोणाच्या तरी घरी खोबरं वाटल्याचा वास. तरी त्याच्या छातीत काही तरी गुडघ्यांपर्यंत सुटत गेलं आणि त्याने कठडा धरला. आधी वाटलं, तब्येत आहे, चढण्याने झालं. मग कळलं, की हे ते नाही, आपण घाबरलोय. साधं, लहान मुलासारखं. कला वर आहे. ती आत गेली आणि मी निघून आलो. वर तिचं काही नाही हे त्याला माहीत होतं, त्या नव्या घराचा उंबरठाही तिने पाहिला नव्हता, टॉवर बांधून होईपर्यंत घेतलेल्या डोंबिवलीच्या भाड्याच्या घरात असतानाच ती गेली, वर फक्त कोऱ्या टाइल्स आणि आपोआप बंद झालेलं दार – सगळं माहीत होतं आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. ती वर आहे. मी सगळ्यांच्या आधी बाहेर आलो आणि ती वर आहे.

"कला," तो म्हणाला. मोठ्याने नाही. आणि चिडूनही नाही. चिडल्याशिवाय ही हाक कशी मारायची ते त्याला नीट येत नव्हतं, म्हणून आवाज फाटला.

खालून कोणी तरी जिना चढायला लागलं. त्याला बाजूला व्हायला हवं होतं, वर जायला हवं होतं, तोंड पुसायला हवं होतं. ही भीती आता जाईल, एकदा कोणी समोर आलं की जाईल, आणि मग तो परत खंबीर होईल... तो घाईघाईने तिथेच पायरीवर बसला, भिंतीकडे तोंड करून, तिला जाऊ द्यायचं नाही म्हणून.